फोटो कुठे दाखवणार? टेलिफोटो लेन्सचा निर्णय तिथून सुरू होतो

दिवाळी जवळ आली की कॅमेरा बाळगणाऱ्या मंडळींत एक प्रश्न हमखास फिरायला लागतो: टेलिफोटो झूम, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, कुठली घेऊ? बोनस आलेला असतो, ऑनलाइन सेल सुरू असतात आणि भिगवणला हिवाळी पाहुणे पक्षी उतरायची वेळ झालेली असते. उत्तरंही ठरलेली. एक जण सांगतो, "सरळ १५०-६०० मिलिमीटरची घे, पुन्हा बघायला नको." दुसरा म्हणतो, "७०-३०० वर आरामात भागतं." दोघंही आपापल्या अनुभवाचं खरं तेच सांगत असतात. पण त्याआधीचा प्रश्न कुणी विचारतच नाही: हे फोटो शेवटी बघणार कोण, आणि कशावर?

लेन्स कुठली घ्यायची आणि फोटो कुठल्या साइटवर ठेवायचे, हे मला एकाच निर्णयाचे दोन भाग वाटतात. फोटो मोबाइलवर बघितला जाणार असेल तर पुरणारी लेन्स वेगळी. मोठ्या मॉनिटरवर किंवा प्रदर्शनाच्या भिंतीवर जाणार असेल तर वेगळी. या दोन लेन्सच्या किमतीत आणि वजनात कित्येक पटींचं अंतर आहे. म्हणून हिशोब पडद्याकडून सुरू करू आणि लेन्सकडे मागे येऊ.

पडद्याला किती लागतं

इन्स्टाग्रामवर ४:५ प्रमाणातला उभा फोटो टाकला की तो साधारण १०८० पिक्सेल रुंद आणि १३५० पिक्सेल उंच होतो. गुणाकार केला तर दीड मेगापिक्सेलसुद्धा (मेगा म्हणजे दहा लाख) भरत नाही. फुल एचडी मॉनिटर १९२० बाय १०८० चा, म्हणजे दोन मेगापिक्सेलच्या आसपास. फोर-के टीव्ही ३८४० बाय २१६० चा, सव्वाआठच्या थोडा वर. आणि १२ बाय १८ इंची प्रिंट, जवळ जाऊन बघितली तरी टिकेल अशी, इंचाला ३०० पिक्सेल धरून काढायची तर ५४०० बाय ३६०० पिक्सेल हवेत. ते झाले एकोणीस मेगापिक्सेलहून जास्त.

आज साध्या कॅमेऱ्यातही २४ मेगापिक्सेल येतात. म्हणजे इन्स्टाग्रामपुरतं बोलायचं तर पूर्ण फ्रेमचा सोळावा हिस्सा कापून घेतला तरी कागदावर हिशोब जमतो. प्रिंटसाठी मात्र जवळजवळ आख्खी फ्रेम वापरावी लागते, कापायला जागाच उरत नाही. लांब पल्ल्याच्या लेन्सची गरज इथे ठरते. पक्षी किती लांब आहे हा अर्धा प्रश्न झाला. कापाकापीला किती वाव आहे, हा उरलेला अर्धा.

एक खंड्या, दहा मीटरवर

लेन्सच्या नावातला मिलिमीटरचा आकडा म्हणजे तिची फोकल लेंग्थ. या शब्दाला घाबरायचं कारण नाही. एक छोटं सूत्र लक्षात ठेवलं की बाकीचं त्यातून निघतं: सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या भागावर, पडणारी प्रतिमा म्हणजे वस्तूचा आकार गुणिले फोकल लेंग्थ, भागिले अंतर.

छोटा खंड्या घ्या, निळ्या पाठीचा आणि नारिंगी पोटाचा. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत तो साधारण १६ सेंटिमीटर भरतो. ओढ्याकाठच्या फांदीवर तुमच्यापासून १० मीटरवर बसलाय आणि तुमच्याकडे ३०० मिलिमीटरची लेन्स आहे. १६० मिलिमीटर गुणिले ३०० भागिले १०,००० मिलिमीटर, उत्तर ४.८ मिलिमीटर. सेन्सरवर पक्षी एवढाच पडतो. साध्या कॅमेऱ्यांत असतो त्या लहान, एपीएस-सी सेन्सरची रुंदी साधारण २३.५ मिलिमीटर असते आणि त्यात ६,००० पिक्सेल बसवलेले असतात. म्हणजे खंड्याच्या वाट्याला सव्वाबाराशे पिक्सेल आले.

सव्वाबाराशे पिक्सेलचा पक्षी म्हणजे मोबाइलसाठी चंगळ आहे. आजूबाजूला थोडी फांदी, थोडं पाणी ठेवून कापा, १०८० रुंदीला लहान करा. डोळ्यातली चमक आणि छातीवरची पिसं स्वच्छ दिसतील. शिवाय फोटो लहान करताना शेजारच्या पिक्सेलची सरासरी निघते, त्यामुळे थोडाफार नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, आपोआप दबतो.

आता तोच खंड्या २० मीटरवर बसवा. पक्षी निम्मा झाला, सहाशे पिक्सेलच्या आसपास. इन्स्टाग्रामच्या चौकटीत तो अजूनही भरलेला दिसेल, पण आता तुम्ही कॅमेऱ्यातला पिक्सेल जसाच्या तसा दाखवताय, लहान करून लपवायला काही राहिलं नाही. लेन्सचा मऊपणा, हाताचा कंप, नॉइज सगळं उघडं पडतं. इथे ६०० मिलिमीटरची लेन्स लावली की पुन्हा सव्वाबाराशे पिक्सेल मिळतात. म्हणजे ३०० आणि ६०० मधला सगळा फरक या उदाहरणात दहा मीटर चालण्याएवढा आहे. जिथे पुढे जाता येतं, तिथे मोठ्या लेन्सची रक्कम वाचते. जिथे जाता येत नाही, तिथे पैसे मोजण्यावाचून इलाज नाही. मध्ये नदी आहे, जंगलात जिप्सीतून उतरायला बंदी आहे, पक्षी बुजरा आहे: अशा ठिकाणी चालणं हा पर्यायच नसतो.

भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर नावाडी ही अडचण बरीच सोडवतात. होडी हळूहळू वल्हवत नेली तर पाण्यातले पक्षी बऱ्यापैकी जवळ येऊ देतात. रोहित (फ्लेमिंगो) पक्षी सव्वा मीटरहून उंच. तो ६० मीटरवर असताना ३०० मिलिमीटरमध्येही एपीएस-सी फ्रेमच्या उंचीचा चाळीस टक्के भाग व्यापतो. थव्याचा फोटो काढायचा असेल तर याहून लांब लेन्स उलट अडचणीचीच.

'किती एक्स' आणि क्रॉप फॅक्टर

दुकानात विचारला जाणारा "किती एक्स झूम?" हा प्रश्न सोडून द्या. एक्स म्हणजे लेन्सच्या मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागून आलेलं उत्तर. १८-२०० ही लेन्स अकरा एक्स आणि १५०-६०० ही चार एक्स. पण लांबचं जवळ आणण्यात चार एक्सवाली अकरा एक्सवालीच्या तिप्पट आहे. पल्ला शेवटच्या आकड्यात असतो.

क्रॉप फॅक्टरचा, म्हणजे ३६ मिलिमीटर रुंद फुल फ्रेम सेन्सरच्या मानाने तुमचा सेन्सर किती पट लहान त्या आकड्याचा, गोंधळ जास्त खोल आहे. निकॉन, सोनी, फुजीच्या एपीएस-सी बॉडीवर दीड, कॅननवर १.६ आणि त्याहून लहान मायक्रो फोर थर्ड्स सेन्सरवर दोन असा हा गुणक आहे. त्यावरून लोक म्हणतात, "क्रॉप बॉडीवर ३०० ची ४५० होते." लेन्स ३०० चीच राहते. सेन्सरवरचा खंड्या ४.८ मिलिमीटरचाच राहतो. बदलतं ते एवढंच की लहान सेन्सरवर तेवढ्याच जागेत पिक्सेल जास्त दाटीने बसवलेले असतात. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम बॉडीत ३६ मिलिमीटर रुंदीवर ६,००० पिक्सेल पसरतात, त्यामुळे त्याच खंड्याला सव्वाबाराशेऐवजी आठशेच मिळतात.

पक्ष्यांसाठी म्हणून फुल फ्रेमवर जायचा विचार करणाऱ्यांनी हा हिशोब आधी करावा, असं मला मनापासून वाटतं. कमी उजेडात फुल फ्रेमचा फायदा खरा आहे. पण लेन्स तीच ठेवून बॉडी बदलली तर लांबचा पक्षी आणखी लहान होतो, आणि मग नवी लेन्सही घ्यावी लागते. आधी लेन्स, मग बॉडी हाच क्रम बरा.

उजेड विकत घ्यावा लागतो

लेन्सवर लिहिलेला दुसरा आकडा, एफ/५.६ किंवा एफ/६.३, म्हणजे अ‍ॅपर्चर, हा फोकल लेंग्थ भागिले लेन्सच्या तोंडाचा परिणामी व्यास. आकडा लहान तितका उजेड जास्त. ६०० ला ६.३ ने भागा, ९५ मिलिमीटर येतात. सिग्माच्या १५०-६०० कंटेम्पररीला आणि टॅमरॉनच्या १५०-६०० ला ९५ मिलिमीटरचे फिल्टर लागतात ते उगाच नाही. ४०० मिलिमीटर एफ/२.८ साठी काच १४३ मिलिमीटरची हवी. एवढी मोठी, निर्दोष काच घडवायला जो खर्च येतो तोच किमतीत दिसतो.

ताडोब्यात पहाटे गेट उघडतं तेव्हा उजेड जेमतेम असतो, आणि वाघ रस्त्यावर येण्याची शक्यताही तेव्हाच जास्त. समजा चालत्या वाघासाठी तुम्ही सेकंदाचा पाचशेवा भाग हा शटर स्पीड ठेवला आणि एफ/६.३ वर कॅमेऱ्याने आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; जितकी जास्त तितका नॉइज जास्त) ६४०० मागितला. हीच चौकट एफ/२.८ वर पाचपट उजेड घेते, म्हणजे आयएसओ १२५० च्या जवळ काम होतं. ६४०० चा फोटो मोबाइलवर बहुतेकांना खटकणारही नाही, आजची नॉइज कमी करणारी सॉफ्टवेअर बरंच सांभाळून घेतात. पण तोच फोटो दोन फूट रुंद करून भिंतीवर लावला की वाघाच्या अंगावरच्या केसांच्या जागी मेण ओतल्यासारखं दिसतं. म्हणजे पुन्हा तेच, दाखवायची जागा कुठली?

एफ/२.८ ची ७०-२०० ही लेन्स लग्न, नाट्यगृह, मैदानी खेळ यांसाठी अप्रतिम आहे. दीड किलोच्या आसपास वजन, उजेड भरपूर, मागचं दृश्य सुंदर धूसर होतं. पक्ष्यांसाठी मात्र २०० कमी पडतात. त्यावर दोन पटीचा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारा, पल्ला वाढवणारा भाग) लावून ४०० करता येतात, पण दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) आणि धारही थोडी बोथट होते. १.४ पटीच्या कन्व्हर्टरला एक स्टॉप जातो. एफ/६.३ च्या झूमवर कन्व्हर्टर लावायचा मोह टाळा; अनेक जुन्या डीएसएलआर बॉडींचा ऑटोफोकस एफ/५.६ च्या पलीकडे चाचपडायला लागतो.

हातात धरून बघा

वजनाचे आकडे वाचताना लहान वाटतात. कॅननची ५५-२५० एसटीएम ३७५ ग्रॅमची. मिररलेससाठीची आरएफ १००-४०० साधारण ६३५ ग्रॅम. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी १,९३० ग्रॅम, निकॉनची २००-५०० ट्रायपॉड कॉलर धरून २,३०० ग्रॅम. शेवटच्या दोघींना बॉडी जोडून अर्धा तास डोळ्याशी धरून बघा. मग कळतं की गडावर चढताना ती पाठीवरच्या सॅकमध्येच राहणार. सह्याद्रीत भटकणाऱ्यांसाठी म्हणूनच मी हलक्या झूमच्या बाजूने आहे. सोबत आणलेली ३०० ची लेन्स घरी राहिलेल्या ६०० पेक्षा कधीही जास्त फोटो देते.

आणि सह्याद्रीत टेलिफोटोचं काम पक्ष्यांपुरतं नाहीच. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी दिवे घाट चढते तेव्हा वळणावळणांवर पसरलेला वारकऱ्यांचा प्रवाह एकमेकांवर रचल्यासारखा दिसतो तो ७०-२०० च्या टप्प्यातच. ही जवळीक लेन्स निर्माण करत नाही. तुम्ही लांब उभे असता, त्यामुळे पुढच्या आणि मागच्या माणसांच्या अंतरातला फरक तुमच्या जागेवरून नगण्य होतो. लेन्स फक्त तेवढा तुकडा कापून मोठा करते.

बुरुजामागून उगवणारा पौर्णिमेचा चंद्र हवा असेल तेव्हाही हेच. चंद्र आपल्याला अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणजे एक किलोमीटरवरच्या नऊ मीटर उंच वस्तूएवढा. नऊ मीटरच्या बुरुजाइतका चंद्र हवा तर बुरुजापासून किलोमीटरभर मागे जाऊन उभं राहायचं. ३०० मिलिमीटरमध्ये तो चंद्र सेन्सरवर २.७ मिलिमीटरचा पडतो, ६०० मध्ये ५.४ चा, म्हणजे एपीएस-सी फ्रेमच्या उंचीचा एक तृतीयांश.

लांब लेन्स धरताना हात हलतो आणि ते हलणं फोकल लेंग्थच्या प्रमाणात मोठं होऊन दिसतं. जुना ठोकताळा असा की शटर स्पीड किमान फोकल लेंग्थच्या आकड्याइतका ठेवावा, ३०० ला सेकंदाचा तीनशेवा भाग, आणि क्रॉप बॉडीवर त्याच्या दीडपट. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन यात मोठी सवलत देतं. निकॉन त्याला व्हीआर म्हणतं, कॅनन आयएस, सोनी ओएसएस, टॅमरॉन व्हीसी, सिग्मा ओएस. काम एकच. पण ते तुमचा हात स्थिर करतं, उडणारा बगळा नाही. उडत्या पक्ष्याला सेकंदाचा दोन हजारावा भाग लागतो तो लागतोच. जिप्सीत ट्रायपॉड उघडायला जागा नसते, तिथे धान्य भरलेली बीन बॅग कठड्यावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवणं सगळ्यात उत्तम.

एक गोष्ट कितीही महाग लेन्स सोडवू शकत नाही: तापलेली हवा. सकाळी दहानंतर उजनीच्या काठावर किंवा उघड्या सड्यावर (कातळपठारावर) जमिनीलगतची हवा थरथरायला लागते आणि शंभर मीटरवरचा पक्षी पाण्याखालून बघितल्यासारखा होतो. फोकस चुकला, लेन्स खराब निघाली असं वाटून लोक दुकानात परत नेतात. सकाळी सात वाजता काढलेला फोटो शेजारी ठेवून बघा, फरक हवेचाच असतो. लांब लेन्स घेणाऱ्याने लवकर उठायची तयारीही ठेवली पाहिजे.

सेकंडहँड घेताना

टेलिफोटो सेकंडहँड घेणं शहाणपणाचं आहे, कारण या लेन्स चांगल्या टिकतात आणि हौस फिटलेले लोक त्या फारशा न वापरता विकतात. पण कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात राहिलेल्या लेन्सला बुरशी लागलेली असू शकते. दोन्ही झाकणं काढा, एका बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि दुसऱ्या बाजूने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर किंमत कितीही कमी असो, नाही म्हणा. धुळीचे चार कण चालतात, त्यांचा फोटोवर काही परिणाम होत नाही. झूम फिरवल्यावर बाहेर येणारी नळी ढिली होऊन आपोआप खाली घसरते का, तेही पाहून घ्या. सोनीची २००-६०० किंवा निकॉनची झेड १८०-६०० या आतल्या आत झूम होतात, त्यांची लांबी बदलत नाही. दमट आणि धुळीच्या जागी हा मोठा फायदा.

घरी आणल्यावर ड्राय बॉक्समध्ये ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवा. तो नसेल तर घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढ्यावर भागतं. कपाटात चामड्याच्या पाऊचमध्ये बंद करून ठेवणं सगळ्यात वाईट.

जोडणी बसते म्हणजे लेन्स चालते असंही नाही. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्समध्ये मोटर नसते, त्यामुळे डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडींवर त्या हातानेच फोकस कराव्या लागतात. उलट नव्या एएफ-पी लेन्स काही जुन्या बॉडींवर ऑटोफोकस करत नाहीत. पैसे देण्याआधी आपलीच बॉडी लावून दोन-चार फोटो काढून बघा. शक्य असेल तर त्याआधी ती लेन्स एका शनिवार-रविवारपुरती भाड्याने आणा. पुण्या-मुंबईत ही सोय सहज मिळते.

फोटो कुठे ठेवायचे

आता साइटकडे. इथे मी एक भेद ठाम धरतो: फोटो जपून ठेवायची जागा वेगळी आणि लोकांना दाखवायची जागा वेगळी. दोन्ही कामं एकाच फुकट खात्यावर सोपवणाऱ्यांचं काय होतं याचा इतिहास फार जुना नाही. पिकासा वेब अल्बम अनेक मराठी घरांतल्या बारशा-लग्नांचं घर होतं. गुगलने ते २०१६ मध्ये बंद केलं. फोटोबकेटने २०१७ मध्ये दुसऱ्या साइटवर फोटो दाखवण्यासाठी वर्षाला ३९९ डॉलर मागायला सुरुवात केली आणि वर्षानुवर्षं लिहिलेल्या पानांवरची चित्रं एका फटक्यात गायब झाली. फ्लिकर २००४ चं. याहूकडे असताना २०१३ मध्ये त्याने प्रत्येकाला फुकट एक टेराबाइट देऊ केलं. २०१८ मध्ये स्मगमग या दुसऱ्या फोटो-साइटने ते विकत घेतलं आणि फुकट खात्याला १,००० फोटोंची मर्यादा जाहीर केली. गुगल फोटोजने २०१५ पासून दिलेली अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून थांबवली. आता जीमेल आणि ड्राइव्ह धरून १५ जीबी. दहा एमबीचा एक जेपीईजी धरला तर दीड हजार फोटोंत ती भरते, आणि तेसुद्धा मेलबॉक्स रिकामा असेल तर.

यातल्या कुठल्याच कंपनीने काही लपवून केलं असं मी म्हणत नाही. जागा त्यांची, नियम त्यांचे. म्हणून मूळ फाइल, रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची फाइल) असो वा जेपीईजी, घरच्या दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर हवी, त्यातली एक शक्यतो दुसऱ्या घरी. साइटवर जाईल ती दाखवायची प्रत.

दाखवायची प्रत कुठे टाकायची हे बघणाऱ्यावरून ठरतं. नातेवाईक आणि मित्र बघणार असतील तर ते जिथे आधीच आहेत तिथेच जा. गावाकडच्या मावशीला नवं खातं उघडायला लावू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो चेपला जातो हे लक्षात घ्या. मूळ दर्जा हवा असेल तर फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. इन्स्टाग्रामवर पोहोच मोठी, पण फोटो लहान आणि आयुष्य दोन दिवसांचं. तीन वर्षांपूर्वीचा एखादा पक्षी तिथे शोधून दाखवा बघू.

फोटोकडे फोटो म्हणून बघणारे लोक हवे असतील तर मला आजही फ्लिकर बरं वाटतं. मोठ्या आकारात फोटो दिसतो, अल्बम आणि टॅगमुळे वर्षांनंतरही सापडतो, कुठली लेन्स, कुठलं अ‍ॅपर्चर हे दिसतं. लेन्स निवडणाऱ्यालाही याचा उपयोग होतो: तुमच्या मनात असलेल्या लेन्सचं नाव टाकून सामान्य हौशी लोकांनी काढलेले फोटो बघा, कंपनीच्या जाहिरातीतल्या फोटोंपेक्षा ते जास्त खरं सांगतात. व्यवसाय करायचा असेल, गिऱ्हाइकाला पासवर्ड लावून अल्बम द्यायचा असेल, तर पैसे भरून स्मगमगसारखी जागा घ्या. अडोबीच्या फोटोग्राफी योजनेचे पैसे तुम्ही लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरसाठी आधीच भरत असाल तर अडोबी पोर्टफोलिओ त्यातच मिळतं. निवडक वीस-पंचवीस फोटोंचं देखणं पान त्यावर एका संध्याकाळी होतं.

आणखी एक जागा आहे जिचा विचार फार कमी लोक करतात. तुमचा बऱ्यापैकी स्पष्ट फोटो ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर पक्ष्यांच्या यादीसोबत गेला तर तो कॉर्नेल विद्यापीठाच्या मॅकॉले संग्रहात कायमचा जमा होतो आणि अभ्यासकांच्या कामी येतो. फुलपाखरू, बेडूक, रानफूल असेल तर आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल. देऊळ, बारव, वीरगळ यांचे फोटो विकिमीडिया कॉमन्सवर दिले तर मराठी विकिपीडियाच्या पानांना चित्रं मिळतात. फक्त तिथे मुक्त परवाना द्यावा लागतो, म्हणजे कुणी तो फोटो धंद्यासाठी वापरला तरी चालेल असं तुम्ही लिहून देता. या जागांना सहाशे पिक्सेलचा खंड्याही चालतो, ओळख पटली म्हणजे झालं. ज्यांच्याकडे कॅमेऱ्यासोबत आलेली २५० ची किट झूम आहे त्यांच्यासाठी याहून सुंदर उपयोग मला सुचत नाही.

हक्कांचं थोडक्यात. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटो काढल्याक्षणी हक्क तयार होतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो छायाचित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकतो. मोबदला घेऊन काढलेल्या फोटोंचं वेगळं: वेगळा करार नसेल तर हक्क काम देणाऱ्याकडे जातो, म्हणून लग्नाचं काम घेताना दोन ओळी लिहून घ्या. साइटवर फोटो टाकल्याने हक्क जात नाही. साइट तुमच्याकडून तो दाखवण्याची, लहान-मोठा करण्याची परवानगी घेते. ती परवानगी कुठवर पोहोचते आणि फोटो काढून टाकल्यावर संपते का, एवढे दोन मुद्दे अटींमध्ये शोधून वाचा.

अपलोड करण्याआधी

सॉफ्टवेअरमधून निर्यात करताना रंगांसाठी एसआरजीबी, म्हणजे वेबवरचा नेहमीचा रंगसंच, निवडा. अडोबी आरजीबीमधला फोटो काही ब्राउझरमध्ये फिका पडतो आणि रोहितचा गुलाबी रंग राखाडी वाटायला लागतो. लांब बाजू २०४८ पिक्सेल आणि जेपीईजीचा दर्जा ८० च्या आसपास ठेवला तर फुल एचडी पडद्यावर फोटो भरून दिसतो आणि फाइल एक एमबीच्या आसपास राहते. एवढ्या आकारावरून कुणी चांगली मोठी प्रिंट चोरून काढू शकत नाही, हा जास्तीचा लाभ. इन्स्टाग्रामसाठी वेगळी प्रत १०८० रुंदीला स्वतःच लहान करून धार लावा (शार्पन करा). ते काम साइटवर सोडलं तर ती आपल्या पद्धतीने करते आणि बारीक पिसं आधी जातात.

फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. कॅमेऱ्यात जीपीएस नसलं तरी मोबाइल अ‍ॅपशी जोडलेला कॅमेरा ते गुपचूप लिहून ठेवू शकतो. घुबडाची ढोली, पिट्ट्याचं (नवरंग पक्ष्याचं) घरटं, खवल्या मांजराचा माग अशा फोटोंसोबत ही माहिती बाहेर गेली तर दुसऱ्या दिवशी तिथे गर्दी होते, आणि शिकारीही पोहोचू शकतो. लाइटरूममध्ये निर्यातीच्या वेळी जागेची माहिती काढून टाकायचा पर्याय आहे, तो कायमचा चालू ठेवा. ई-बर्ड संवेदनशील प्रजातींची नेमकी जागा स्वतःहून झाकतं. आयनॅचरलिस्टवर धोक्यातल्या प्रजातींचं असंच होतं, आणि बाकीच्यांसाठी तुम्ही जागा धूसर ठेवायचा पर्याय निवडू शकता. मग ठिकाण साधारण वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी दाखवलं जातं. फोटोखाली गावाचं नाव लिहिण्याऐवजी तालुका किंवा जिल्हा लिहा. घरट्यावरच्या पक्ष्याचा फोटो हातात असेल तर पिल्लं उडून जाईपर्यंत तो हार्ड डिस्कवरच राहू द्या.